बोर्डबाईंना प्रवेश नाकारला

हॉस्पिटलात तिला सगळे दारवानबाई म्हणत. तोंडावर अर्थातच मॅडम. दारवानबाई म्हणायची हिंमत कोणाच्या बापाची नव्हती. तशी ती कुठल्या दारात काठी घेऊन उभी नसायची. पहिल्या मजल्यावरच्या एका थंडगार खोलीत, खांद्यावर शाल घेऊन बसायची आणि या इमारतीच्या नेटवर्कवर कोण येणार, कोण बाहेर राहणार, ते तिच्यासमोरच्या पडद्यावर ठरायचं. संगणक असो, प्रिंटर असो, रक्त तपासायचं यंत्र असो नाहीतर डॉक्टरांचा मोबाइल, प्रत्येकाने आधी तिच्या सर्व्हरचं दार वाजवायचं. सर्व्हर यादी बघायचा. नाव असलं तर या, नसलं तर चालू पडा.

स्वभाव म्हणाल तर सरळ, म्हणजे सुताराच्या पट्टीसारखा सरळ: वाकत नाही आणि लागली तर चांगलीच लागते. एकदा मोठ्या सर्जनांनी ऑपरेशन करताना गाणी ऐकायला घरून एक स्पीकर आणला. हिने तो अडवला. सर्जन तणतणत मोठ्या साहेबांकडे गेले, तर साहेब म्हणाले, “अहो, ती माझा टॅब्लेट आठवडाभर आत घेत नव्हती, तुमच्या स्पीकरचं काय घेऊन बसलात?”

ही नोकरी तिला लागली सासूबाईंमुळे. सासूबाई याच हॉस्पिटलातल्या टेलिफोन ऑपरेटर. तळघरात अगदी शेवटच्या खोलीत टेलिफोनचा मोठा बोर्ड होता, त्यावर त्यांनी उभा जन्म काढला, म्हणून त्या बोर्डबाई. कानाला हेडफोन लावून “धरून ठेवा हं, जोडते” म्हणत त्यांनी सबंध हॉस्पिटलचा गाडा हाकला. बाळ झालं, ऑपरेशन निभावलं, म्हातारा गेला, सगळं आधी त्यांच्या कानावरून जायचं. कोणी रडत फोन केला तर पलीकडचं माणूस येईपर्यंत त्या त्याच्याशी बोलत राहायच्या. सासूसुनेचं कसं होतं विचाराल तर चार घरांत असतं तसंच. भांड्याला भांडं लागायचं. पण बाहेर कोणी सुनेबद्दल वाकडं बोललं की बोर्डबाई त्याची अशी हजेरी घ्यायच्या की पुन्हा तो त्या वाटेला जायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. आणि त्या गेल्यावर पंधरवड्याच्या आत सुनेने त्यांच्या मोबाइलचं नाव सर्व्हरच्या यादीतून काढून टाकलं.

नवऱ्याला लागलं ते. “राहिलं असतं नाव, तर काय आभाळ कोसळणार होतं?” तो म्हणाला.

“माणूस गेलं की नाव काढायचं, हा नियम आहे. उद्या प्रत्येकाचं राहू दे म्हटलं तर झालंच.”

तो मोबाइल पुढे कपाटात पडून फुगला. म्हणजे त्याची बॅटरी फुगली. हिनेच ती काढून टाकून दिली आणि बिनबॅटरीचा मोबाइल तेवढा अप्पांच्या स्वेटरांखाली ठेवून दिला. अप्पा म्हणजे सासरे. बायको गेल्यापासून त्यांच्या डोक्यातली एकेक खोली बंद होत चालली होती. जेवण झालं की नाही ते आठवायचं नाही, मुलाला कधीकधी आपला थोरला भाऊ समजायचे. सुनेला मात्र ते कधी विसरले नाहीत. दिवसा शेजारच्या मावशी त्यांच्याकडे लक्ष ठेवायच्या.

तर त्या दिवशीची गोष्ट. हॉस्पिटलने नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं. आदल्या दिवशी कंपनीची माणसं ते बसवून, हात झटकून निघून गेली. पण बसवणं म्हणजे काय, ते कोणीही करतं. खरं काम पुढे. नवं सॉफ्टवेअर नव्या नवरीसारखं असतं, आल्यागेल्याला हसून ‘या’ म्हणतं. त्याला आपल्या घराचे रीतीरिवाज शिकवावे लागतात. सर्व्हरचा पत्ता बदला, घड्याळ जुळवा, कंपनीने दिलेला पासवर्ड काढून आपला घाला, यादीत नसलेल्याचं काय करायचं ते सांगा. आणि एवढं सांगूनही ते ऐकत नाही. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला की मगच नव्या गोष्टी लागू होतात, आणि तेवढा वेळ खालच्या केसपेपरच्या खिडक्या थिजून बसतात. रांगेतले लोक आरडाओरडा करतात. म्हणून साहेबांनी बजावलं होतं, “दोनदा बंद-चालू करा, तिसऱ्यांदा नाही. आज गर्दीचा वार आहे.”

पहिल्या वेळी तिने पत्ता बदलला, यादीत नसलेल्याला नकार द्यायचा हे ठरवून दिलं, आणि नकाराची सूचना आपल्या मोबाइलवर येईल असं केलं. सगळं छान लागू झालं. कॅमेऱ्यांची नावं यादीत घालायची राहिली होती, ती जेवणानंतर घालू म्हणाली. तोवर पहारेकऱ्यांच्या खोलीतले पडदे काळेच राहणार होते.

शाल सारखी करून ती जरा टेकते तोच मोबाइल वाजला.

‘बोर्डबाई. मुख्य दरवाजा. प्रवेश नाकारला.’

तिने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. हे नाव सासूबाईंनीच हौसेने आपल्या मोबाइलला दिलं होतं. जुन्या सर्व्हरचा कचरा असणार, तिने स्वतःला समजावलं. जुन्या नोंदी नव्या सर्व्हरमध्ये ओतल्या की असं काहीबाही तरंगून वर येतं.

मोबाइल पुन्हा वाजला. ‘बोर्डबाई. औषधांची खिडकी. प्रवेश नाकारला.’

आणि थोड्या वेळाने, ‘बोर्डबाई. मधला जिना. प्रवेश नाकारला.’

आता मात्र तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. कचरा असला तर एका जागी पडून राहील ना! जुन्या नोंदींना कधी पाय फुटतात का? आणि बॅटरी तर तिने स्वतःच्या हाताने काढली होती. मधला जिना. बोर्डबाई रोज सकाळी याच वाटेने कामावर यायच्या. दरवाजा, मग औषधांच्या खिडकीवरच्या माणसाची विचारपूस, मग जिना.

खोलीत एसीच्या घरघरीशिवाय आवाज नव्हता. मोबाइल टेबलावर थरथरत पुन्हा वाजला. मधला जिना. पुन्हा. मधला जिना. कोणीतरी दाराशी उभं राहून कडी वाजवत राहावं तसं चाललं होतं.

ती घाबरली, आणि घाबरली की ती चिडायची. “पुरे आता!” ती रिकाम्या खोलीत ओरडली. सेटिंगच्या पानावर तळाशी एक चौकट होती: एकदा नाकारलेल्याची सूचना देऊ नये, नोंदही ठेवू नये. तिने तिथे खूण केली. राहिलेलं घड्याळ जुळवलं, पासवर्ड बदलला आणि सर्व्हर दुसऱ्यांदा बंद करून चालू केला. मोबाइल गप्प झाला. तिचा जीव भांड्यात पडला. साहेबांचा फोन आला, “झालं ना? आता संध्याकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही.” ती म्हणाली, “झालं सगळं.”

डबा उघडत होती तेवढ्यात शेजारच्या मावशींचा फोन आला. आवाज रडवेला.

“अगं, अप्पा घरात नाहीत! मी जरा पाणी भरायला गेले, तेवढ्यात दार उघडं टाकून गेले. सगळी गल्ली पालथी घातली. आणि कपाट पण उघडंच आहे बघ, स्वेटर सगळे खाली पडलेत.”

डबा तसाच राहिला. स्वेटर!

तिने फाटकावर फोन लावला. पहारेकरी नवा होता. “म्हातारी माणसं ना? सकाळपासून शंभर आली, मॅडम. हॉस्पिटल आहे हे. कॅमेऱ्यात बघितलं असतं, पण तुम्हीच बंद ठेवलेत.” तिने फोन ठेवला.

अप्पा तो मोबाइल घेऊन मधल्या जिन्यापर्यंत आले, एवढं तिला ठाऊक होतं. पण तिथून पाच मजले वर जाता येत होतं, दोन्ही बाजूंच्या इमारतींत जाता येत होतं, आणि खाली तळघरात. तळघर म्हटल्यावर तिला दारावर डकवलेली सूचना आठवली. दुपारच्या जेवणानंतर तळघरात वाळवीसाठी विषारी धूर सोडणार होते. सगळ्या खोल्या पट्ट्या लावून बंद करणार होते. दोन दिवस कोणी खाली उतरायचं नाही.

पण अप्पा तळघरात असतीलच कशावरून? ती खाली धावली आणि ते पार वर गच्चीत असले तर? कुठे असतील ते सांगणारं या जगात एकच कोणीतरी होतं, आणि त्याचं तोंड हिने स्वतः बंद केलं होतं.

इथे दुसरं कोणी असतं तर साहेबांना विचारत बसलं असतं. तीही एरवी विचारत बसली असती, नियमाची बाई ती. पण साहेबांना सांगणार काय? बॅटरी नसलेला मोबाइल हाका मारतोय म्हणून? तिने खूण काढली आणि कोणाला न विचारता सर्व्हर तिसऱ्यांदा बंद केला. खालच्या रांगेतून एकदम गलका उठला. टेबलावरचा फोन किंचाळायला लागला, साहेबच असणार. तिने उचलला नाही. दोन्ही हातांत मोबाइल धरून ती म्हणाली, “आई, चुकलं माझं. एकदा सांगा. कुठे आहेत ते?”

सर्व्हर चालू झाला. मोबाइल मुकाच. तिला वाटलं, रुसल्या. आयुष्यात दोनदाच रुसल्या होत्या, आणि दोन्ही वेळा हिनेच आधी बोलायचं टाळलं होतं.

आणि मग वाजला.

‘बोर्डबाई. तळघर, शेवटची खोली. प्रवेश नाकारला.’

ती शाल तिथेच टाकून पळत सुटली. तळघरात धुराचा उग्र वास आधीच पसरायला लागला होता. तोंडाला फडकं बांधलेला फवारणीवाला शेवटच्या दाराला पट्टी चिकटवत होता.

“थांबा! आत माणूस आहे!”

“कोणी नाही हो बाई. दार आतून अडकलंय, जुनं आहे. चारदा हाका मारल्या मी. माणूस असता तर ओ दिली नसती?”

तिने पट्टी टराटरा ओढून काढली आणि दार दोन्ही हातांनी बडवलं. “अप्पा! अहो अप्पा!” आतून हूं नाही की चूं नाही. फवारणीवाल्याने तिच्या तोंडाकडे बघितलं, मग दाराला खांदा लावला. दुसऱ्या धडकेत आतली कडी निखळली.

खोलीत दिवा नव्हता. उघड्या दारातून गेलेल्या उजेडात बोर्ड दिसला, धुळीने भरलेला, त्याच्या वायरी कधीच्याच कापून नेलेल्या. आणि बोर्डासमोरच्या खुर्चीत अप्पा बसले होते. बायकोचा जुना हेडफोन कानांवर घट्ट चढवलेला. हाका ऐकू येणार कशा! एका हातात बायकोने जपून ठेवलेली त्या खोलीची किल्ली, दुसऱ्या हातात तो मोबाइल, मागचं झाकण निघालेला, आत बॅटरीची जागा रिकामी.

सुनेला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू,” ते म्हणाले. “ती बोलतेय.”

“अप्पा, चला. इथे विषारी धूर आहे. चला लवकर.”

ते उठले नाहीत. तिच्याकडे बघून अगदी लहान मुलासारखे कुरकुरले, “ती म्हणते, मी सुनेला सकाळपासून लावतेय. सुनेने उचललाच नाही.”

हेडफोनची वायर त्यांच्या छातीवरून खाली लोंबत होती. तिचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. फवारणीवाल्याने ते बघितलं आणि तो दोन पावलं मागे सरला. ती मात्र गुडघ्यांवर बसली आणि अप्पांच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडली. मग तिने त्यांना उठवलं, आणि दोघांनी मिळून त्यांना उचलूनच वर आणलं.

साहेबांनी संध्याकाळी बोलावून घेतलं. “तिसऱ्यांदा बंद का केलात?” तिने सांगितलं, सासरे हरवले होते, ते शोधायला. ते खोटं नव्हतं. साहेबांनी वर बघितलं, मान हलवली आणि विषय सोडून दिला. माणूस वाईट नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने यादी उघडली आणि सासूबाईंच्या मोबाइलचं नाव पुन्हा आत घातलं. नवं सॉफ्टवेअर कारण विचारतं, रकाना रिकामा सोडू देत नाही. तिने लिहिलं, ‘घरचं माणूस.’ मुदत विचारली, तिथे लिहिलं, ‘कायम.’ नियम मोडून आत घेतलेलं तेवढं एकच नाव. मग ती मोबाइल समोर ठेवून बसली.

काही आलं नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यात नाही, त्यानंतरही नाही. दार सताड उघडं आहे आणि येत मात्र कोणी नाही. तरी रोज सकाळी ती सगळ्यांत आधी ती ओळ बघते. ‘बोर्डबाई. प्रवेश आहे. संपर्क नाही.’

संध्याकाळी ती घरी गेली की अप्पा चप्पल काढायच्या आत विचारतात, “तिचा फोन आला होता का गं?”

“नाही आला, अप्पा,” ती म्हणते. “पण मी धरून ठेवलाय.”