इकबालभाईंचा पक्का सुरमा

दिग्रसच्या बाजारात इकबालभाईंचं अत्तर-सुरम्याचं दुकान होतं आणि दुकानाची पाटी म्हणजे त्यांचे स्वतःचे डोळे. कापसाचे भाव कोसळले त्या वर्षांत लग्नं पुढं ढकलली गेली, अत्तर पडून राहिलं. सुरमा तेवढा खपायचा, तोही इकबालभाईंच्या डाव्या पापणीच्या जोरावर. दिवसातून पाचदा नमाजाआधी तोंड धुऊन वजू करूनही खालच्या पापणीच्या काठावरचा काळा ठिपका हलत नसे. गिऱ्हाईक म्हणे, हाच पक्का सुरमा द्या. इकबालभाई बेधडक देत. माणूस लबाड नव्हता. आपला माल पक्का आहे असं त्यांना मनापासून वाटायचं.

पुढं ठिपका वाढला, त्यावर खपली धरू लागली, रक्त येऊ लागलं. तेव्हा त्यांच्या बायकोनं, खातूनबीनं, त्यांना ओढतच नागपूरला नेलं. डॉक्टरीणबाईंनी बोळ्यानं पुसून पाहिलं, भिंग लावलं आणि सांगितलं, की हा सुरमा नाही, कातडीचा कॅन्सर आहे. आत्ता काढला तर डोळा वाचेल, ठेवला तर आत उतरेल. पण इकबालभाईंच्या हाडात दुकानदारी मुरलेली.

"डॉक्टरीनबाई, थोडासा ठेवता येत नाही का? धंद्यापुरता?"

बाई म्हणाल्या, ठेवायचं सोडा, आजूबाजूची चांगली कातडीही थोडी काढावी लागते. खातूनबीनं कपाळाला हात लावला.

पापणीचा तेवढा तुकडा कापून तिथं कानामागची कातडी बसवली. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ते इकबालभाईंनी अक्षरशः भोगलं. पट्टीआड डोळा चुरचुरे आणि हा डोळा गेला की काय, या भीतीनं ते घटकेघटकेला खातूनबीला विचारत, दिसंल ना? ती वैतागे, पण उठून जात नसे.

पट्टी निघाली. बाईंनी उजवा डोळा झाकायला लावला. समोर काहीतरी धूसर हललं, मग हळूहळू त्याची खातूनबी झाली. पांढरे केस, गालावर सुरकुत्या. इतकं निरखून त्यांनी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. जीव भांड्यात पडला.

"दिसून राह्यलं का?" खातूनबीनं विचारलं.

"दिसून राह्यलं. तू एवढी म्हातारी कधी झाली?"

"तुमचं ध्यान सुरम्यात होतं, तवा," ती म्हणाली.