चीनचा कवी आणि माझा उखाणा

आमच्या गावची सरपंचाची जागा बायकांसाठी निघाली, म्हणून चौथी शिकलेली मी सरपंच झाले. सभेत मालक बोलतात, मी सही करते. चारचौघांत माझा आवाजच फुटत नाही. फक्त उखाणे तेवढे जुळतात, भाकरी थापताना आपोआप.

चैत्रात जावेच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. बायका म्हणाल्या, "सरपंचबाई, पाठ केलेला नको, ताजा घ्या." मी खाली बघत म्हटलं:

लाल फीत कापली, फोटोत हसले सारे,
…रावांचं नाव घेते, नळातून येती वारे.

नाव तेव्हा घेतलं, इथे लिहीत नाही. बायका हसून लोळल्या. कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ते हदगावच्या बाजारात पोचलं. नळयोजनेची फीत कापणाऱ्या पुढाऱ्यांच्याच शब्दावर आमच्या गावाला टँकर येतो. विहिरी आटलेल्या. त्यांनी मनात आणलं तर टँकर बंद.

मालकांचा घास हातातच राहिला. "चांदीचं ताट, सोन्याचा पाट, असलं काही सुचलं न्हाई तुला?"

"बायका ताजा म्हणल्या."

"मग आता त्यांनाच सांग, पाणी न्हाई, उखाण्यावर भागवा."

पुढाऱ्यांचा निरोप आला, ग्रामसभेला येतो. लेक लातूरला खोली करून परीक्षेचा अभ्यास करते, तिला फोन लावला. ती आधी हसली. मग म्हणाली, "आई, चीनमध्ये फार मागं एक मोठा अधिकारी होता. कवी बी होता. लोकांचे हाल कवितेत लिहायचा. दरबारातल्या वैऱ्यांनी एकेक ओळ राजाला दाखवली आन त्याला तुरुंगात घातलं."

"त्याच्या घरच्या बायकांचं काय झालं?"

"शिपाई झडतीला आले, तर भीतीनं त्यांनी त्याचे कागद जाळले."

मला त्या बायकांचं फार वाईट वाटलं. पण त्यांना जाळायला कागद तरी होते. माझा उखाणा घरोघरच्या मोबाईलमध्ये होता.

"त्यानं माफी मागितली का?"

"ओळी माझ्याच म्हणून कबूल केलं. मग लांब आडगावात धाडलं. तिथं त्यानं पडीक जमीन कसली, आणखी कविता लिहिल्या. पुढं परत बोलावून मोठा हुद्दा दिला. एका शहरात गाळानं भरलेलं तळं उपसून त्याच गाळाचा बांध घातला. लोक आजबी त्यावरून चालतात. म्हातारपणी पुन्हा हाकललं, त्याहून लांब."

तिला यात धीर दिसत होता. मला दिसेना. त्याची शिक्षा त्याला झाली, माझी शिक्षा गावाला होणार होती.

सभा मंदिरापुढे भरली. "विचारलं तर म्हण, मजाक होती, चुकलं," मालकांनी वाटेत बजावलं.

पुढारी चहाचा कप घेऊन हसत म्हणाले, "वहिनी, आम्हालाबी ऐकवा की."

मालक उठले. "साहेब, ते आपलं मजाकमध्ये…"

"तुम्ही बसा. सरपंच त्या हायत का तुम्ही?"

माणसं हसली. मी पदर घट्ट धरून उभी राहिले. 'चुकलं' हा शब्द ओठांवर आला होता. तेवढ्यात ध्यानात आलं, चुकलं म्हटलं तर नळाला पाणी येतं असाच अर्थ होईल. मग टँकर हवाच कशाला?

"उखाणा माझाच हाय," मी म्हटलं. "नळाला पाणी आलं की दुसरा घेईन."

मागून म्हाताऱ्या चुलत सासूबाई म्हणाल्या, "आन त्यात साहेबांचं बी नाव घेऊ आम्ही."

बायकांत हशा पिकला. पुढारीही हसले, पण कप अर्धाच ठेवून उठले. टँकरचं बोलले नाहीत. मालक मला मागं टाकून झपाझप घरी गेले.

सकाळी आम्ही घागरी मांडून रस्त्याकडे बघत बसलो. रोजची वेळ टळली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा टँकर वळणावर दिसला.

ड्रायव्हरला विचारलं, "उद्या येशील ना भाऊ?"

"आजचं सांगितलं होतं, आणलं. उद्याचं मला काय ठाव, ताई."

मी घागर भरून घरी ठेवली, आणि होते नव्हते ते सगळे डबे घेऊन पुन्हा रांगेत उभी राहिले.