खालच्या मजल्यावरचा कर्ता पुरुष

"मी बघतो," असं म्हणून तो उजवा पंजा छातीवर ठेवायचा. म्हणायचा इंग्रजीत, पण मला ते मराठीतच ऐकू यायचं. आपल्याकडे 'बघतो' म्हणणारा माणूस पुढे काहीही बघत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी स्वतः कित्येक कामं एवढा एक शब्द टाकून मिटवली आहेत. हा मुलगा मात्र खरोखर बघायचा.

तो बारा वर्षांचा होता. अमेरिकेत, वेस्ट विंडसरमधल्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर आई आणि धाकट्या बहिणीबरोबर राहायचा. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. त्यांच्या बैरुतमध्ये यादवी पेटलेली. वडिलांनी या तिघांना इकडे पाठवलं आणि स्वतः औषधांचं दुकान धरून तिथेच राहिले. आईला इंग्रजीचे जेमतेम चार शब्द यायचे, तेव्हा घरातला कर्ता पुरुष हाच. हीटर बिघडला की मॅनेजरशी हा भांडायचा. बहिणीच्या शाळेत पालकांना बोलावलं की वडिलांचा कोट घालून, बाह्या दुमडून हाच जायचा. "गणितात ती कच्ची आहे, मला कल्पना आहे," असं त्याने बाईंना सांगितलं म्हणून बहीण त्याच्याशी अबोला धरून बसली होती.

त्याच्यावर माझा जीव जडला तो मात्र कॉफीमुळे. अमेरिकेत 'नको' म्हटलं की खरंच कोणी देत नाही. आपल्या सवयीने पहिल्यांदा 'नको' म्हणून मी पुष्कळ पार्ट्यांतून उपाशी परतलो आहे. त्यांच्याकडे गेलो की हा पोरगा मात्र यजमानासारखा समोर उभा राहून पुन्हापुन्हा आग्रह करायचा. मला गावी गेल्यासारखं वाटायचं, आणि मी तिसरा कप घेऊन रात्रभर जागा राहायचो.

आता माझ्या मानेबद्दल सांगायला हवं. 'हो' म्हणताना मी मान दोन्ही बाजूंना डोलावतो. तुम्हीही डोलावत असाल, पण माझी जरा जास्तच डोलते. ऑफिसात बॉसने विचारलं, हा प्रोजेक्ट घेशील का? मी आनंदाने मान डोलावली आणि त्याने तो दुसऱ्याला देऊन टाकला. माझी बायकोसुद्धा म्हणते, "अहो, तुमचं हे येस आहे की नो, मला अजून कळत नाही."

त्या हिवाळ्यात त्यांचा टीव्ही बंद पडला आणि तिघं संध्याकाळच्या बातम्यांना आमच्याकडे येऊ लागली. पडद्यावर बैरुतचा धूर दिसायचा, बातमीदार भराभरा बोलायचा आणि हा आईला अरबीत एखादं वाक्य सांगायचा. आई मान हलवून चहा प्यायची. ती गेल्यावर मी बायकोला म्हणालो, अरबी फारच आटोपशीर भाषा दिसते.

"अहो, तो एडिट करतोय सगळं," बायको म्हणाली. "त्या माउलीला काही कळू देत नाहीये."

माझी पदवी तंत्रज्ञानाची आहे, ती कुठे कमी पडते हे बायकोला बरोबर ठाऊक आहे.

एकदा त्याने मला जिन्यात गाठलं. बरेच दिवस बाबांचा फोन लागत नव्हता. शाळेतून आला की तो नंबर फिरवत बसायचा, आणि आईला सांगायचा की लाइनीच खराब आहेत.

"अम्मो," तो म्हणाला. अम्मो म्हणजे काका. "माझं आता तिला खरं वाटत नाही. ती तुम्हाला विचारेल. तुम्ही फक्त मान हलवा, बाकी मी बघतो."

मी कबूल केलं. एवढं तर मला जमेल असं वाटलं.

दोनच दिवसांनी बातम्यांत त्यांचा मोहल्ला दिसला. मुलाने नेहमीसारखं एक छोटं वाक्य सांगितलं. आईने चहा प्यायला नाही. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आमचा रस्ता... ओके?"

मी जीव ओतून मान डोलावली. चांगली दोन्ही बाजूंना.

तिचा चेहरा उतरला. कप खाली ठेवून तिने मुलाला हळूच काहीतरी विचारलं. तो माझ्याकडे पाहतच राहिला. मग तिच्या मांडीत डोकं खुपसून रडला, बारा वर्षांचं मूल रडतं तसा. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. ती मात्र रडली नाही. त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली, आणि दुसऱ्या दिवसापासून फोनचा नंबर ती स्वतः फिरवू लागली. तो दुपारी पार्किंगमध्ये चेंडू खेळताना दिसायला लागला.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमची मान कामाला आली," बायको म्हणाली.

पुढे फोन लागला. दुकानाच्या काचा गेल्या होत्या, बाबा जिवंत होते, पण दुकान सोडायला अजून तयार नव्हते. उन्हाळ्यात त्याचे मामा या तिघांना मिशिगनला न्यायला आले. सगळ्यात जड खोकं उचलायला तो वाकला तेव्हा आईने ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि त्याला मागच्या सीटवर बहिणीशेजारी बसवलं. मला फार बरं वाटलं, आणि तेवढंच रडूही आलं.

गाडी सुरू झाली. मी खिडकीशी वाकून विचारलं, "बाबा येतील ना रे?"

त्याने छातीवर हात ठेवला नाही. माझ्याकडे बघून हसला आणि मान डोलावली, थेट माझ्यासारखी, दोन्ही बाजूंना.

ते हो होतं की नाही, मला अजून कळलेलं नाही.