ठकीचे शेवटचे दिवस

“बेन, रिपोर्ट सारो नथी,” रिपोर्ट चांगला नाही, असं प्राण्यांच्या दवाखान्यातल्या गुजराती डॉक्टर मला म्हणाल्या आणि त्यांनी खुर्ची आमच्या जवळ ओढली. बाबांच्या मांडीवर टोपली होती आणि टोपलीत ठकी, आमची तेरा वर्षांची मांजर.

आजाराचं नाव क्रॉनिक किडनी डिसीज, म्हणजे मूत्रपिंडं हळूहळू निकामी होत जाणं. रक्तातलं क्रिएटिनिन खूप वाढलं होतं. मूत्रपिंडांनी बाहेर टाकायची ती घाण रक्तातच साठत होती. मांजरं दुखणं लपवतात, त्यामुळे कळेपर्यंत उशीर झालेला असतो, असं डॉक्टर म्हणाल्या. मला मात्र लक्षण दिसलं होतं. दोन महिने ठकी फार पाणी पीत होती आणि मी ते उकाड्यावर ढकललं. तुमच्या घरी म्हातारं मांजर असेल तर तुम्ही असं करू नका.

“बरी होईल ना?” बाबांनी विचारलं.

“काका, बरी नाही होणार. जे दिवस आहेत ते सुखाचे जावेत, एवढंच बघू.”

घरी रोज सबक्युटेनियस फ्लुइड, म्हणजे कातडीखाली सलाईन द्यायचं होतं. पहिल्या दिवशी मी सुई हातात घेतली, ती टोचायची कुठे हे ठरवेपर्यंत ठकी पलंगाखाली पळाली. बाबा रेल्वेतून सिग्नल फिटर म्हणून निवृत्त झालेले. “इकडे दे,” म्हणाले. ठकीला बाहेर काढून तिच्या मानेची कातडी चिमटीत धरली, सुई घातली आणि ठरलेलं सलाईन जाईपर्यंत तिच्याशी बोलत राहिले. आई गेल्यापासून बाबा माझ्याशीही इतकं बोलले नव्हते.

आठवड्याभरात ठकी सुधारली. बाबांच्या बोटावरचं दही चाटायला लागली, गॅलरीत उन्हाला जाऊन बसली. मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले.

मग एका सकाळी तिने दह्याकडे पाठ फिरवली. तोंडात फोड आले होते. दुसऱ्या दिवशी पाणीही पिईना. दवाखान्यात आमच्या शेजारी एक कुटुंब नव्या पिल्लाला लस द्यायला आलं होतं. त्यांचं हसणं मला सहन होईना. डॉक्टरांनी तपासलं आणि युथनेशियाबद्दल सांगितलं. म्हणजे इंजेक्शन देऊन, वेदना न होता मरण.

“मी तिला मारायला नाही आणलेली,” बाबा म्हणाले आणि टोपली उचलून चालायला लागले.

घरी पोचेपर्यंत रिक्षात त्यांनी टोपली मांडीवरून हलवली नाही.

पुढचे दोन दिवस लिहायला नको वाटतात. ठकी उठायची आणि पाय घसरून पडायची. मी डॉक्टरांना लावायला फोन हातात घ्यायची, बाबा नुसते माझ्याकडे बघायचे, मी फोन खाली ठेवायची. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला झटका आला. अंग ताठ झालं, तोंडातून फेस आला. झटका थांबल्यावर मी ओरडले, “बाबा, हे तुम्ही तिच्यासाठी चालवलंय की स्वतःसाठी?”

ते आत गेले. थोड्या वेळाने आतून त्यांचा फोनवरचा आवाज आला. “डॉक्टरबेन, अमे आवीए छीए.” आम्ही येतोय, असं ते सांगत होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी सगळं समजावलं. पहिलं इंजेक्शन झोपेचं, दुसरं हृदय थांबवणारं. “काका, बाहेर बसायचं असेल तर बसा. बरेच जण बसतात.”

“नाही,” बाबा माझ्याकडे हात करून म्हणाले. “हिच्या आईच्या वेळी मला आयसीयूच्या बाहेर बसवलं होतं. आत काय झालं ते मला आजवर कळलं नाही. आज मी बाहेर बसणार नाही.”

त्यांनी ठकीला मांडीवर घेतलं. पहिल्या इंजेक्शननंतर तिची मान त्यांच्या मनगटावर टेकली. “जा बाई तू आता,” ते म्हणाले. दुसऱ्या इंजेक्शननंतर डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. “गई, काका.”

“तिला कळलं असेल?”

“तिला फक्त तुमचा वास आला असेल.”

त्या डॉक्टरांनी आम्हाला घाई केली नाही आणि खोटी आशाही दाखवली नाही. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर एक करा. प्राणी बऱ्यापैकी असतानाच डॉक्टरांना विचारून ठेवा, थांबायचं कधी? आम्ही ते विचारलं नाही, आणि ते दोन दिवस ठकीने सोसले.

परत येताना रिक्षात मी बाबांची माफी मागितली.

“खोटं नव्हतं ते,” ते म्हणाले. “थोडं माझ्यासाठीच होतं.” मग रस्त्याकडे बघत म्हणाले, “तुला आत सोडलं होतं ना त्या दिवशी? आई काय म्हणाली शेवटी?”

आई गेल्यापासून चार वर्षांत त्यांनी हे विचारलं नव्हतं आणि मीही आपणहून सांगितलं नव्हतं. रिक्षा सोसायटीपाशी थांबली. आम्ही फाटकाजवळच्या बाकावर बसलो आणि मी त्यांना आयसीयूत आत काय झालं ते पहिल्यापासून सगळं सांगितलं.