लेकीच्या घरचा वानोळा

वावरात नवं पीक आलं की पहिला वाटा आपल्या माणसायले. वांगे असोत की तुरीच्या शेंगा, थैली भरून लेकीच्या घरी पाठवाची. त्याले आमी वानोळा म्हणतो. अन् ती थैली रिकामी वापस येत नाही. मूठभर तांदूळ, साखर, काहीतरी टाकूनच येते. माह्या पोरीले जन्मापासून ऐकू येत नाही हे समजलं, तवा सासूनं कपाळावर हात मारला. "इच्या घरी कोनता वानोळा जाते आता? इले घरच कोन देते?" बोलणं कडू होतं, पण माह्याही मनात तेच होतं, म्हणून जास्त झोंबलं.

शेलूबाजारात एक लहानशी संस्था आहे. भाड्याच्या दोन खोल्या, अन् तिथं एक ताई अशा लेकरायले हातानं बोलाले शिकवते. पोरीले तिथं टाकलं. आंधी नुसती रडे, डोकं आपटे. होळीपर्यंत बोटायनं सांगू लागली, पोट दुखते, गाय व्याली, बाबा आले. मीही भाजी खुडता खुडता त्या खुणा शिकली. बापा, त्या ताईचे उपकार मी कोणत्या जल्मात फेडू!

मंग एका वर्षी बाहेरगावच्या देणगीदारायनं हात आखडता घेतला. ताईनं साऱ्या मायबापायले बसवून सांगितलं, "दुपारचं जेवण बंद करावं लागेल. दुरून जीपनं येणारी लेकरं उपाशी कशी बसवू? शाळाच बंद पडेल असं वाटतं." पोरगी घरी बसली तर पुन्हा भिंतीले डोकं आपटन, हेच माह्या डोळ्यापुढं.

मले भेव लागलं की मी भांडते. "काहून बंद करता? बाजार उठताना आमी वांगे ढोरायपुढं टाकून राह्यलो, अन् आमचेच लेकरं उपाशी?"

बाजाराच्या दिवशी वांग्यायची थैली अन् सांभाराच्या, म्हंजे कोथिंबिरीच्या, जुड्या शाळेत नेऊन ताईपुढं ठेवल्या. ताई पावती फाडाले बसली. म्हणे, दात्यांच्या फलकावर तुमचं नाव लिहिते. असा राग आला! "ताई, वानोळ्याले पावती असते का? आमाले परकं समजता का?" ती हसली अन् पावतीपुस्तक बाजूले ठेवलं. मंग माही थैली घेऊन रिकाम्या डब्यायचे झाकणं उघडत फिरली. काहीच सापडलं नाही, तर थैलीत खडूचे दोन तुकडे टाकले. ते अजून माह्या देव्हाऱ्यात आहेत.

बाजारातल्या बायायले मी जीव खाऊन सांगितलं. कोणी मेथी आणली, कोणी मिरच्या. कास्तकारायनं तूर देली, मंगरूळपीरच्या एका दुकानदारानं तेलाचा डबा. त्या शाळेची चूल विझली नाही. फलकावर आमच्यातल्या कोणाचंच नाव नाही, अन् कोणाले त्याचं काही वाटतही नाही. भल्या माणसायचं गाव आहे माहं.

पोरगी तिथंच मोठी झाली. आता लहानग्यायले तीच शिकवते अन् शाळेजवळच एक खोली करून राहते. यंदा तुरीच्या शेंगा भरल्या तवा मी दोन थैल्या नेल्या. एक शाळेच्या चुलीसाठी, अन् एक तिच्या खोलीवर. दारात उभी होती, हात खडूनं पांढरे. तिनं शेंगा परातीत ओतल्या, आत गेली, डब्यातले मूठभर तांदूळ थैलीत टाकले अन् थैलीचं तोंड पिरगाळून ती माह्या हाती देली. हे मी तिले कधी शिकवलं नव्हतं. कवा पाहून ठेवलं, तिलेच ठाऊक. मी तिथंच रडली. तिनं बोटायनं इचारलं, काहून? मले खूणच सापडेना.

घरी येऊन ते तांदूळ सासूच्या पदरात टाकले. "तुमच्या नातीच्या घरून आले, माय."

म्हातारीनं ते तांदूळ पदराच्या टोकाले गाठ मारून बांधले. मंग म्हणे, "पुढच्या खेपेले मले घेऊन चाल. पोरीचं घर पाहाचं हाये."