मी नव्हते तेव्हाचं मिठागर

ओल्या खडेमिठाचा वास आला की ठाण्याच्या खाडीकाठच्या आमच्या घरातली एक दुपार आठवते. देश स्वतंत्र होऊन पाचसहा वर्षं झाली होती, मी आठेक वर्षांची. तांदूळ पाखडताना आई शेजारणीला मिठागरावरचे जुने दिवस सांगत होती. माझ्या जन्माआधीच तापाने गेलेला दादा मिठाच्या राशीवर चढून तिला हाका मारायचा. ते दिवस मी इतक्यांदा ऐकले होते की मध्येच बोलून गेले, "आणि तो घसरून पडला तेव्हा आपण किती हसलो, ना?" शेजारीण हसली. आईने सूप खाली ठेवलं. "तू कुठं होतीस गो तेव्हा?" एवढंच म्हणाली, आणि पुन्हा कधी माझ्यासमोर तिने दादाचं नाव काढलं नाही. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते दिवस आठवणारी मी एकटीच उरलेय, आणि मी तर तिथं नव्हतेच.