दोन बोटं वर आलेलं हँडल

दादाच्या मानेचं ऑपरेशन झालं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी त्याच्या जुन्या सायकलला नवं स्टेम, म्हणजे हँडल धरणारा भाग, बसवलं. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस झाला नव्हता. माझा हा थोरला भाऊ शेंद्र्याकडच्या रस्त्याला राहतो. त्याच्या कॉलनीत पाइपलाइन अजून पोचली नव्हती, पाणी टँकरचं. लहानपणी आम्ही त्याच माळावर वडिलांची मेंढरं चारायचो. आता तिथं प्लॉट पडलेत आणि दारोदार निळे ड्रम आहेत.

सायकल रेसिंगची, पोलादी, बारीक चाकांची. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. दादानं ती नोकरी लागल्यावर जुनीच विकत घेतली होती आणि सुट्टीच्या पहाटे दौलताबादपर्यंत जाऊन यायचा. डॉक्टरांनी सायकल बंद करायला सांगितली नव्हती. पुढं वाकून मान वर उचलायची नाही, एवढंच म्हणाले होते. त्या सायकलवर बसायचं म्हणजे नेमकं तेच करायचं. वहिनी म्हणाल्या, दुसरी साधी सायकल घ्या, बाजारात काय कमी आहेत का.  दादा मला फाटकापर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला, "हँडल वर येतं का रे, बारक्या?"

मी येतं म्हणालो. विचार न करताच म्हणालो.

जुन्या सायकलींत हँडलचा दांडा थेट पुढच्या चाकाच्या चिमट्याच्या नळीत उतरतो आणि आतली पाचर आवळली की घट्ट बसतो. नव्या सायकलींचं स्टेम बाहेरून आवळायचं असतं. त्यामुळं नवं स्टेम जुन्या सायकलला तसं बसत नाही, मध्ये एक जोड घालावा लागतो, खालून जुन्यासारखा आणि वरून नव्यासारखा. तो मी ऑनलाइन मागवला. नव्या स्टेमचं तोंड जुन्या हँडलला मोठं पडत होतं, त्यासाठी ॲल्युमिनियमची एक पातळ कडीही मागवली. त्या जोडाच्या अंगावर एक आडवी रेघ कोरलेली असते. बसवल्यावर ती रेघ नळीत आत गेली पाहिजे. बाहेर दिसली तर जोड पुरेसा आत नाही, जोर आला की तो उपसून येऊ शकतो.

मी कारखान्यात मालाच्या तपासणीला आहे. रेघेच्या आत का बाहेर, हेच दिवसभर बघतो. केसभर चुकलेला नग लाल ट्रेमध्ये टाकतो आणि त्यावरून लाइनवरच्या लोकांची बोलणी खातो.

जुना दांडा गंजानं धरला होता. तेल सोडून, हातोडीनं हळूहळू ठोकून कसाबसा निघाला. नवा जोड सहज बसला. दादा भिंतीला हात टेकून सायकलवर बसला आणि म्हणाला, अजून थोडं वर. मी पाचर ढिली करून थोडं वर घेतलं. अजून थोडं, म्हणाला. परत घेतलं. असं करता करता रेघ नळीच्या बाहेर आली. चांगली दोन बोटं बाहेर आली. तेवढ्यात त्यानं पाठ सरळ केली आणि गल्लीच्या टोकाकडं बघितलं.

"आता दिसतंय," तो म्हणाला.

मी पाचर आवळली. तो चहाचं सांगायला आत गेला तेव्हा मी रेघेवर काळी टेप गुंडाळली. हे कशाला, म्हणून त्यानं विचारलं तर आत पाणी जाऊ नये म्हणून, असं सांगितलं. पाणी कुठं होतं त्या उन्हाळ्यात. लांबून बघून तो हसला. बाभळीचा पाला खायला शेळी उभी राहिल्यासारखं दिसतंय, म्हणाला.

नंतर त्याचा रोज फोन यायचा. आज नाक्यापर्यंत गेलो, आज त्याच्या पुढं गेलो. मी म्हणायचो, लांब जाऊ नको. कशामुळं, ते सांगत नव्हतो. शिफ्टवरून आल्यावर अंगात त्राण नसायचं, आणि खरं सांगायचं तर त्याला नाही म्हणायचा प्रसंग मला टाळायचा होता.

रविवारी गेलो तर कोपऱ्यावर टँकर आलेला. आमच्याकडं उन्हाळ्यात सायकल म्हणजे कॅन अडकवायची खुंटीच. दादाच्या सायकलचं हँडल खाली होतं तोवर कॅन चाकाला घासले असते, म्हणून तिच्यावर पाणी कधी आणलं नव्हतं. आता हँडल उंच झालं होतं. उतारावरून तो सायकलवर बसून येत होता आणि हँडलला दोन्हीकडं भरलेले कॅन लोंबत होते. चाक सरळ होतं, हँडल मात्र जागेवर डुलत होतं.

मी पळत जाऊन ते दोन्ही हातांनी धरलं.

"उतर, दादा."

"सोड की. पाणी सांडंल."

तो उतरला. मी टेप ओढून काढली आणि रेघ दाखवली. ही आत पाहिजे होती, म्हणालो. त्यानं आधी कॅन एकेक करून खाली ठेवले.

"तुला माहीत होतं?"

"व्हय."

"कारखान्यात असला माल सोडतो का तू?"

"नाय."

"मग भाऊ काय भंगारातला हाय का?"

 तुला लांबचं दिसत होतं म्हणून, असं काहीतरी पुटपुटलो. त्यानं ऐकलं की नाही, माहीत नाही. एक कॅन त्यानं उचलायला घेतला, तो मी काढून घेतला. दोन्ही मीच घरापर्यंत नेले. तो सायकल ढकलत मागून आला.

घरी त्यानं पाना स्वतःच्या हातात घेतला. रेघ आत जाईपर्यंत हँडल खाली दाबलं आणि पाचर आवळली. मग बसून बघितलं. मान न उचलता त्याला फक्त पुढच्या चाकाजवळचा रस्ता दिसत होता. आता हा नाद सोडेल, असं मला वाटलं. वाटलं म्हणजे, त्यानं सोडावा अशी माझी इच्छा होती. सुटलो असतो मी.

तो म्हणाला, "पुढच्या रविवारी तू पुढं चल."

तेव्हापासून दर रविवारी माझ्या मुलाची गिअरची सायकल घेऊन मी त्याच्याकडं जातो. मी पुढं असतो. तो मागून, नजर माझ्या मागच्या चाकावर ठेवून येतो. समोर काय आहे ते मी ओरडून सांगतो. खड्डा. वाळू. डंपर. कुत्रं. तो प्रत्येकाला व्हय म्हणतो. एकदा स्पीडब्रेकर सांगायचा राहिला तर त्यानं रस्त्यात माझी आई काढली, जी त्याचीही आहे.

दौलताबादला आम्ही जात नाही. शेंद्र्याच्या नव्या कारखान्यांमधले रुंद रस्ते रविवारी मोकळे असतात, तिथंच फिरतो. आठवडाभर उभं राहून माझे पाय भरून आलेले असतात. परवा मी थांबलो आणि म्हणालो, दादा, आज इथूनच मागं फिरू या. माझ्या चाकाच्या मागं येऊन तोही थांबला. मान खालीच.

"पुढं काय हाय ते सांग आधी."

मी बघितलं. रस्ता सरळ होता. दोन्ही बाजूंना पिवळं गवत आणि मोकळे प्लॉट. गाडी एकही नव्हती. मी त्याला तसं सांगितलं, आणि पेडलवर पाय ठेवला.